दोन सूत

भद्रकालीत, गंजक्या नळांच्या ढिगामागून
हकीमुद्दीनशेठनं ड्रिल काढून दिलं.
साडेसहाशे सांगितले, साडेपाचशेला दिलं.
वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी,
बटण दाबलं की आधी खोकतं, मग फिरतं.
"वॉरंटी?"
"दुकान आहे तोवर आहे," म्हणाले,
आणि सहाचं एक बिट फुकट दिलं, कागदात गुंडाळून.

फळ्या अंबडच्या.
कारखान्यांत मशिनं ज्या खोक्यांतून येतात
ते लाकूड लिंक रोडला किलोवर मिळतं.
दोन रविवार खिळे उपटण्यात गेले.
वाकडे खिळे पाट्यावर ठोकून सरळ केले,
श्रीखंडाच्या डब्यात भरले.
एका फळीवर अजून काळ्या शाईचा बाण आहे, वर बघणारा,
शेजारी काचेचा पेला.
तो मी घासला नाही.
पॉलिश पेपर संपला म्हणून नव्हे.

सिडकोची भिंत.
पहिलंच भोक, पाडायचं सहाचं, पडलं बाराचं,
आणि वाळू वाहत राहिली परातीत,
पाव किलो तरी असेल.
सिमेंट कुणाच्या बंगल्याला गेलं
याचा आता मी विचार करत नाही.
काड्यापेटीतल्या काड्या, बोटभर एम-सील,
मध्ये प्लग, आणि एक रात्र थांबायचं.
थांबणं हे एकच हत्यार
घरात आधीपासून होतं.

लेव्हल तीनशेला होती.
समोरच्या बांधकामावरचा गवंडी म्हणाला,
"कशाला ताई, पंधरा फूट नळी घ्या, साठ रुपये.
पाणी भरा. पाणी खोटं बोलत नाही."
भरलं. बुडबुडे जाईपर्यंत टिचक्या मारल्या.
एक टोक भोकापाशी धरलं
तर दुसरं सुटलं, आणि सगळं पाणी फरशीवर.
तीनदा.
हातोडी एका माणसाची, पाना एका माणसाचा,
करवतसुद्धा, गुडघ्याखाली फळी दाबली की.
ही मेली नळी दोघांची.

तिसऱ्या वेळचं पाणी गॅलरीतून खाली गेलं.

खाली खैरनार राहतात.
आमचं बोलणं बंद, सव्वा वर्ष,
माझ्या न्हाणीतलं पाणी त्यांच्या देवघरावर उतरलं तेव्हापासून.
त्यांनी सोसायटीत अर्ज दिला,
मी अर्जाला उत्तर दिलं,
उत्तरात 'तीव्र निषेध' असे शब्द होते.
(पाइप मी मार्चमध्ये बदलला, स्वतःच,
सोल्युशनसकट दोनशे दहा रुपये.
त्यांना कळवलं नाही.)

आले.
दुपारचे दोन, गालावर चटईचे वळ,
हातात ओला टॉवेल, पुरावा म्हणून.
दारात उभे, पहिलं वाक्य ओठांवर.
मी काही न बोलता
नळीचं एक टोक पुढे केलं.

टॉवेल खांद्यावर टाकला. धरलं.
नऊ फूट भिंत, मध्ये नळी झोळीसारखी लोंबलेली.
पाणी त्यांच्याकडे चढलं, माझ्याकडे उतरलं,
पुन्हा माझ्याकडे, जरा डचमळलं,
मग राहिलं.
"थांबलं का?"
"थांबलं."
सव्वा वर्षात एवढंच.
पेन्सिलीची खूण त्यांनी केली, गडद.
ओठांवरचं वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

फळी बसली तेव्हा साडेपाच झाले होते.
त्यांनी टोपलीतलं एक लिंबू उचलून वर ठेवलं.
लिंबू विचार करत करत
खिडकीच्या दिशेनं निघालं.
"दोन सूत खाली आहे."
"काढू?"
"राहू द्या. दोन सूत चालतं."

चहा नको म्हणाले, मग घेतला.
जाताना जिन्यात थांबले, पाठमोरेच.
"उद्या ते ड्रिल मोकळं असेल का?
देवघर परत भिंतीला लावायचंय, तेव्हा उतरवलं होतं.
ओल नाही आता.
मार्चपासून नाही."

"न्या," मी म्हटलं.
"घाबरू नका, आधी खोकतं."